टेनिसची मॅच कोण जिंकणार, हे आधी सांगता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ आणि धुळ्याकडच्या टेनिसवेड्यांचा आमचा एक छोटा गट आहे. ग्रँड स्लॅम सुरू झाली की प्रत्येक मॅचच्या आधी आम्ही कोणाची किती टक्के शक्यता हे लिहून ठेवतो आणि नंतर कोणाचा अंदाज किती चुकला ते मोजतो. पैसे कोणी लावत नाही. पण असं काही करतोय म्हटल्यावर लोक टिप मागायला येतातच. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकली. आकडेमोड आहे, पण दहावीच्या पुढची नाही.

भाऊ, आज कोण जिंकीन?

बहुधा ज्याला सगळे फेव्हरेट म्हणताहेत तोच. एवढं सांगायला आमची गरज नाही. "अमका जिंकेल" हे भाकीत अर्धवटच असतं, त्याला टक्केवारी जोडल्याशिवाय ते तपासताही येत नाही. आणि सट्ट्याच्या हिशेबात तर नुसतं नाव काहीच कामाचं नसतं. तुमच्या मते खेळाडूची शक्यता ७२ टक्के आहे आणि बुकीचा भाव ७५ टक्के धरून लावलेला आहे, तर तो खेळाडू आज जिंकला तरी सौदा वाईटच होता. असे शंभर सौदे केले की खिसा सांगतो. खालचे सगळे प्रश्न शेवटी या एका फरकावरच येऊन थांबतात.

भाव कसा वाचायचा?

१.८० म्हणजे १०० लावले आणि जिंकलात तर मुद्दल धरून १८० परत. फोनवरचा बुकी हेच "८० पैसे" असं सांगतो. भावातून शक्यता काढायची तर १ ला भावाने भागायचं: १.८० चे होतात ५५.६ टक्के. आता समोरच्या खेळाडूचा भाव २.०० असेल तर त्याचे ५० टक्के. बेरीज १०५.६. दोघांपैकी एकच जिंकणार, म्हणजे खरी बेरीज १०० च हवी. वरचे ५.६ बुकीचे. दोन्ही बाजूंना त्या प्रमाणात पैसे आले, तर कोणीही जिंको, जमलेल्या दर १०५ रुपयांतले साडेपाच त्याच्याच गल्ल्यात राहतात. पंटरला, म्हणजे सट्टा लावणाऱ्याला, आधी हे साडेपाच भरून काढायचे असतात, नफ्याची गोष्ट त्यानंतर.

एक जुनी, अनेकदा तपासली गेलेली गोष्ट सांगतो. हा वरचा बोजा दोन्ही बाजूंना सारखा नसतो. लांबच्या भावावर, म्हणजे १० किंवा १५ चा भाव असलेल्या कमकुवत खेळाडूवर, तो जास्त टाकलेला असतो. "पाचशेचे साडेसात हजार होतील" हे ऐकायला छान वाटतं, म्हणूनच तो माल महाग विकला जातो.

रँकिंग पुरेसं नाही का?

रँकिंग हा गेल्या ५२ आठवड्यांचा जमाखर्च आहे. ग्रँड स्लॅम जिंकली की २००० गुण, मास्टर्सचे १०००, मग ५०० आणि २५० च्या स्पर्धा. वर्ष झालं की ते गुण गळतात. कोणाला स्पर्धेत थेट प्रवेश द्यायचा आणि कोणाला मानांकन, हे ठरवायला ते ठीक आहे. पण कोणाला हरवून गुण मिळवले, कोणत्या कोर्टवर मिळवले, हे त्यात दिसत नाही. २०२२ च्या विम्बल्डनमध्ये रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी होती, त्यामुळे त्या स्पर्धेला गुणच दिले गेले नाहीत. एलेना रिबाकिना विजेती झाली आणि तिच्या रँकिंगच्या खात्यात शून्य जमा झाले! त्याआधीच्या वर्षी एमा राडुकानू दीडशेव्या क्रमांकावरून, पात्रता फेरीपासून खेळत आली आणि एकही सेट न गमावता यूएस ओपन घेऊन गेली.

मग इलो म्हणजे काय?

बुद्धिबळातून आलेली पद्धत. अर्पाद इलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसवली, १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला एक आकडा. बलवानाला हरवलं की तो बराच वाढतो, दुबळ्याला हरवलं की जेमतेम. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून थेट शक्यता निघते: १०० चा फरक असेल तर ६४ टक्के, २०० ला ७६, ४०० ला ९१. टेनिससाठी रँकिंगपेक्षा हे बरंच बरं काम करतं. हार्ड (सिमेंटसारखं कडक), क्ले (माती) आणि ग्रास (गवत) अशा कोर्टांचे आकडे वेगळे ठेवले तर आणखी बरं. एक्सेलमध्ये एका संध्याकाळी बसवता येतं.

कोर्टाने एवढा काय फरक पडतो?

नदालचा फ्रेंच ओपनमधला हिशेब बघा: ११२ विजय, ४ पराभव, १४ विजेतेपदं. तोच नदाल विम्बल्डन दोनदा जिंकला.

"आमने-सामने"च्या आकड्यात तर हा घोळ हमखास होतो. नदाल आणि फेडरर ४० वेळा भिडले, नदाल २४, फेडरर १६. ऐकून वाटतं नदाल सरळ सरस. पण क्ले बाजूला काढा. त्या मातीवर नदाल १४-२ ने पुढे होता. हार्डवर फेडरर ११-९, ग्रासवर ३-१. म्हणजे दोघे विम्बल्डनला समोरासमोर असताना कोणी २४-१६ सांगत असेल, तर तो तुम्हाला पॅरिसची माहिती लंडनसाठी विकतोय.

आणि क्ले म्हणजे सगळीकडे एकच क्ले असंही नाही. माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचावर आहे, हवा विरळ, चेंडू जोरात पळतो. मोठी सर्व्हिस असलेले तिथे खूश असतात. पुढच्याच आठवड्यांत रोममध्ये तोच खेळाडू बेसलाइनवर अडकून पडलेला दिसतो.

तुम्ही टक्केवारी काढता ती नेमकी कशी? एक उदाहरण द्या.

देतो, जरा लांब आहे. अ आणि ब असे दोन खेळाडू घ्या, पुरुषांची मॅच, हार्ड कोर्ट.

पुरुषांच्या वरच्या पातळीवर सर्व्हिस करणारा साधारण ६४ टक्के पॉइंट जिंकतो, म्हणजे रिटर्न करणारा ३६. समजा अ आपल्या सर्व्हिसवर ६७ टक्के आणि रिटर्नवर ३८ टक्के पॉइंट जिंकतो. ब सर्व्हिसवर ६५, रिटर्नवर ३५. आता अची सर्व्हिस बच्या रिटर्नशी भिडवायची. अ सरासरीपेक्षा ३ ने वर, ब रिटर्नला सरासरीपेक्षा १ ने खाली, म्हणून ६४ + ३ + १ = ६८. बच्या सर्व्हिसचं तसंच: ६४ + १ वजा २ = ६३.

पुढचं गणित पॉइंटवरून गेम, गेमवरून सेट, सेटवरून मॅच असं चढत जातं. सर्व्हिसवर ६८ टक्के पॉइंट मिळत असतील तर गेम राखण्याची शक्यता साडेसत्याऐंशी टक्के होते. ६३ ला ती साडेएकोणऐंशी. त्यातून अने एक सेट जिंकण्याची शक्यता येते ६५ टक्के आणि तीन सेटांची मॅच जिंकण्याची ७२. पॉइंटमागे नुसता ५ टक्क्यांचा फरक, आणि मॅचमध्ये त्याचे ७२-२८ झाले. टेनिसची गुणपद्धती लहान फरक असा फुगवत नेते.

७२ टक्क्यांचा रास्त भाव साधारण १.३९. बुकी १.३३ देत असेल तर विषय संपला. १.४५ देत असेल तर कागदावर फायदा दिसतो. इथेच बहुतेक जण उडी मारतात.

थांबा. ते ६८ आणि ६३ कुठून आले? मागच्या मॅचच्या आकड्यांवरून. आता दोन्ही आकडे एकेक टक्क्याने चुकलेत असं धरा: ६७ आणि ६४. मॅचची शक्यता ७२ वरून ६४ वर येते आणि १.४५ चा भाव एकदम महाग ठरतो. मग हा एक टक्का नक्की कळायला किती पॉइंट बघावे लागतील? नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार एक टक्क्यावर आणायचा तर सुमारे २,३०० सर्व्हिस पॉइंट, म्हणजे तीसेक मॅच. तेवढ्या मॅच होईपर्यंत अर्धा हंगाम जातो, कोर्ट बदलतं, कोच बदलतो, खांदा दुखायला लागतो. माझं स्पष्ट मत असं आहे की टेनिसचं भाकीत अडतं ते या एका टक्क्यापाशी. सूत्र सगळ्यांकडे एकच आहे, त्यात काही गुपित नाही.

पाच सेटांच्या मॅचमध्ये फेव्हरेट सुरक्षित असतो, हे खरं का?

काही अंशी. वरचाच अ पाच सेट खेळला तर ७२ चे ७७ होतात. महिलांच्या मॅच ग्रँड स्लॅममध्येही तीन सेटांच्याच असतात आणि तिथे सर्व्हिसची पकड सैल, ब्रेक (समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकणं) जास्त. त्यामुळे दोन ब्रेकने पुढे असलेली खेळाडू सेट जिंकलीच, असं धरून चालू नका.

जास्त पॉइंट जिंकूनही खेळाडू हरतो कसा?

२०१९ ची विम्बल्डन फायनल. फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. करंडक जोकोविचकडे. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असताना फेडररच्या हातात दोन मॅच पॉइंट होते, स्वतःच्या सर्व्हिसवर. मॅचमधले तीनही टायब्रेक (गेम बरोबरीत आले की सेटचा निकाल लावणारा जादा डाव) जोकोविचने घेतले: पहिला सेट, तिसरा आणि १२-१२ नंतरचा पाचवा. फेडररने दुसरा सेट ६-१ असा धुऊन काढला, पण त्यातले जास्तीचे पॉइंट पुढच्या सेटला नेता येत नाहीत. २०१० ला इस्नर आणि माहू तीन दिवस खेळले, पाचवा सेट ७०-६८. त्यातही हरलेल्या माहूचे पॉइंट जास्त होते, ५०२ विरुद्ध ४७८.

मोठी सर्व्हिस असलेले दोघे समोर आले की हे फार होतं. २०१९ ला पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपनच्या फायनलला केविन अँडरसन आणि इवो कार्लोविच होते, एक २.०३ मीटर, दुसरा २.११. तीन सेट, तीनही टायब्रेक: ७-६, ६-७, ७-६. अशा मॅचला कोणी "शुअर" म्हणत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

दुखापतीची बातमी आधी मिळाली तर?

तुम्हाला मिळाली म्हणजे सगळ्यांना मिळाली. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही: वादळाने बागा झोपल्याची बातमी तुमच्या मोबाइलवर येते, तोवर बऱ्हाणपूरच्या भावात ती शिरलेली असते. सरावात मांडीला पट्टी बांधलेली दिसली की मिनिटांत भाव हलतो. मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव हाच मोफत मिळणारा सर्वांत चांगला अंदाज असतो, आमच्या तक्त्यांपेक्षाही चांगला.

आणखी एक किचकट भाग आहे. खेळाडूने मधेच मॅच सोडली तर सौद्याचं काय? काही ठिकाणी सगळे सौदे रद्द होतात, काही ठिकाणी एक सेट पूर्ण झाला असेल तर पुढे गेलेल्याला विजेता धरतात. म्हणजे एकाच मॅचवरचा एकच भाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी विकत असतो.

मॅच बघत बघत लावलं तर अंदाज जास्त बरोबर येत नाही का?

तुम्ही बघता ते स्ट्रीमिंग काही सेकंद मागे असतं. खुर्चीवरचा अंपायर पॉइंट नोंदवतो तो आकडा डेटा कंपन्यांकडे त्याआधी गेलेला असतो. या काही सेकंदांसाठी लोक प्रेक्षागृहात बसून फोनवरून पॉइंट कळवत आले आहेत. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला अशाच एकाला अटक झाली होती, पुढे आरोप मागे घेतले गेले. तुम्ही ब्रेक पॉइंट बघून बटण दाबता, तेव्हा समोरच्याला तो पॉइंट कोणी घेतला हे माहीत असतं.

टेलिग्रामवर एक जण फिक्स मॅच देतो. त्याच्या चार टिप लागोपाठ बरोबर आल्या. आता?

मेसेज साधारण असा असतो: "आज रात्री १००% पास, सेटिंग झालंय, जॉइनिंग फक्त ५००." हे कसं चालतं ते बघा. १,६०० नंबर गोळा करायचे. ८०० जणांना सांगायचं अ जिंकेल, ८०० जणांना ब. अर्धे गळाले. उरलेल्या ८०० ना पुन्हा अर्धं-अर्धं. चार मॅचनंतर १०० माणसं उरतात, ज्यांनी चारही टिप बरोबर आलेल्या पाहिल्या आहेत. तुम्ही त्या शंभरातले आहात. उरलेल्या पंधराशे जणांशी तुमची गाठ कधी पडत नाही. पाचव्या टिपचे पाच हजार मागितले जातात.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

म्हणजे फिक्सिंग होतच नाही?

होतं. मुख्यतः तळाच्या स्पर्धांत, जिथे सगळ्या स्पर्धेचं मिळून बक्षीस १५,००० डॉलर असतं आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला हॉटेलचं बिलही सुटत नाही. २००७ ला पोलंडमधल्या सोपोत इथल्या एका मॅचवर इतके संशयास्पद पैसे आले की सट्ट्याच्या एक्स्चेंजने सगळे सौदे रद्द केले. वर्षभर चौकशी झाली, खेळाडूंविरुद्ध पुरावा मिळाला नाही. २०२१ पासून यासाठी स्वतंत्र संस्था काम करते, खेळाडूंवर आजन्म बंदीसुद्धा घातली जाते. पण खरंच सेटिंग झालेली मॅच माहीत असलेला माणूस ती पाचशे रुपयांत वाटत बसेल का, एवढंच विचारा.

सट्टा लावणं कायद्यात बसतं का?

नाही. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, पेपरात मटक्याच्या धाडीची बातमी येते ती त्याच कायद्याखाली. ऑनलाइनसाठी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यालाही. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि त्यावर पंटर खूश असतात. पण परदेशातून चालणाऱ्या अ‍ॅपचे पैसे कोणाच्या तरी भाड्याच्या बँक खात्यातून फिरतात. ते खातं पोलिसांनी गोठवलं की साखळीतली पुढची-मागची खातीही अडकतात. मग पगाराच्या खात्यातून घराचा हप्ताही जात नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर गावोगाव पत्ते चालतात, कोणी काही बोलत नाही. मग टेनिसने काय घोडं मारलंय?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, कारण आखाजीच्या आसपासच तिकडे माद्रिद-रोमचा क्ले हंगाम रंगात असतो. कायद्याला आखाजीची सुट्टी नाही, हे आधी सांगून ठेवतो. बाकी हिशेबाचं बघायचं तर पारावरच्या डावात रात्रभरात पैसा त्याच पाच-सात जणांत फिरतो. तुमचे गेले ते भावकीतल्याच कोणाकडे गेले, आणि सण संपला की डाव मोडतो. अ‍ॅपवर दर सौद्याला पाचेक टक्के बाहेर जातात आणि टेनिसचा हंगाम जानेवारी ते नोव्हेंबर चालतो.

हरलो की पुढच्या मॅचला डबल लावायचं, कधीतरी निघणारच ना?

१०० पासून सुरू करा. लागोपाठ आठ हरलात की २५,५०० गेलेले असतात आणि नवव्याला २५,६०० लावायचे, कशासाठी, तर १०० रुपये नफ्यासाठी. आठ सलग हार २५६ मध्ये एकदा येते. रोज पाच मॅच लावणाऱ्याकडे ती पाहुण्यासारखी वर्षातून एकदा येत नाही.

मी चार महिने नफ्यात आहे. मग माझं काहीतरी बरोबरच असेल?

असेलही. दोनच्या आसपासच्या भावावर ३ टक्क्यांचा खरा फायदा आहे की नुसतं नशीब, हे ओळखायला साधारण साडेचार हजार सौद्यांची नोंद लागते. सगळ्यांची, हरलेल्यांचीसुद्धा. बहुतेकांच्या वहीत हरलेल्या मॅचचं पान नसतं.

उसनवारी सुरू झाली असेल, घरी लपवावं लागत असेल, तर टक्केवारीची चर्चा आमच्याशी करू नका. १४४१६ वर टेलिमानस आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या बिनपैशांच्या खेळात गुण कसे देता?

ब्रायर पद्धतीने. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासायला ती मांडली. तुम्ही ७२ टक्के म्हणालात आणि खेळाडू जिंकला, तर चूक ०.२८, तिचा वर्ग ०.०८. हरला तर ०.७२ चा वर्ग, ०.५२. जितके कमी तितके चांगले. प्रत्येक मॅचला डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याला बरोबर ०.२५ मिळतात, त्यामुळे त्याच्या वर गेलात तर काहीच न करणाऱ्यापेक्षाही वाईट. आमच्यातले दोघे-तिघे दर स्पर्धेला तिथे जातात. ९५ टक्के लिहायची हौस नडते: एक उलटफेर आणि ०.९० बसतात. ऑस्ट्रेलियन ओपन ऐन भरिताच्या हंगामात येते, तेव्हा शेवटचा नंबर आलेला वांगी भाजतो आणि कळण्याच्या भाकरीची सोय बघतो. खर्च सगळ्यांचा वाटून.

भाग घ्यायचा तर मॅच किती वाजता असतात?

आपल्या घड्याळाने ऑस्ट्रेलियन ओपन पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होते, फ्रेंच दुपारी अडीचला, विम्बल्डन साडेतीनला, यूएस ओपन रात्री साडेआठला. टक्केवारी पहिल्या सर्व्हिसच्या आधी ग्रुपवर पडली पाहिजे. लाइट गेली होती, नेट नव्हतं, ही कारणं ऐकली जात नाहीत. आदल्या रात्री टाकून झोपा.